क्रुसावरील अक्षरे



इंग्लंडात ऑक्सफर्डपासून फार दूर नाही असे वाँटिज नावाचे एक गाव आहे. तेथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या मठात १८८३ साली एक पंचवीस वर्षांची मराठी विधवा आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन राहावयास आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पुढे तिने अंगावर वागवावयाच्या क्रुसाविषयी बोलणे निघाले. त्यावर लॅटिन शब्द कोरलेले असावेत अशी तिथली अपेक्षा. बाईंनी पत्राने कळविले की, शब्द कोरावयाचेच असतील तर ते संस्कृतात कोरावेत. संस्कृत ही देवांची भाषा आहे म्हणून नव्हे, तर ती आपल्या देशाची सर्वांत जुनी व सुंदर भाषा आहे म्हणून. शिवाय लॅटिन मला समजत नाही आणि माझ्या देशभगिनींनाही समजत नाही, असेही त्यांनी बजावले.

या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. विधवांच्या कैवारी म्हणून आपण सर्वजण त्यांना ओळखतो. परंतु ख्रिस्ती धर्मशास्त्रातील अत्यंत अवघड प्रश्नांशी त्यांनी जी झुंज दिली, तिची वार्ता मराठी वाचकाला फारशी नसते. त्या झुंजीचे सूत्र या क्रुसावरील अक्षरांत सापडते, असे मला वाटते. ज्याच्या उद्धारासाठी शास्त्र आहे, त्याला ते स्वतः वाचता व समजता आले पाहिजे, हे ते सूत्र होय.

मी धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. बंगळुरात सरकारी नोकरी करणारा मी एक साधा अधिकारी. पण नोकरीत एक अनुभव रोज येतो. मूळ नियम चार ओळींचा असतो, त्यावरील परिपत्रक चार पानांचे होते, आणि परिपत्रकावरील खुलासा चौदा पानांवर जातो. मग एखादा नवा कारकून भीत भीत विचारतो, ‘साहेब, हे मूळ नियमात कोठे आहे?’ वरिष्ठांना हा प्रश्न उद्धट वाटतो. परंतु ज्या कचेरीत असा प्रश्न विचारणारा कोणीच उरत नाही, ती कचेरी खुशाल बिघडली असे समजावे. रमाबाईंनी वाँटिज येथे विचारलेला प्रश्न नेमका या जातीचा होता.

हा प्रश्न विचारण्याची शक्ती त्यांच्यात कोठून आली, हे पाहण्यासाठी आपल्याला इंग्लंडातून परत सह्याद्रीत, आणि तेही आजच्या कर्नाटकात, यावे लागेल. तुंगा, भद्रा व नेत्रावती या नद्या जेथे उगम पावतात त्या गंगामूळच्या रानात १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्यार्थिदशेत पुण्यास होते. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे पेशव्यांच्या घरातील एका स्त्रीला संस्कृत शिकवीत. ते पाहून आपल्या पत्नीलाही शिकवावे, असे शास्त्रीबुवांनी मनाशी ठरविले, आणि दुसऱ्या पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी खरोखरच शिकविले. जातभाईंत गवगवा झाला. उडुपी येथे माध्व संप्रदायाच्या धर्माधिकाऱ्यांपुढे व विद्वानांच्या सभेपुढे त्यांना जाब देण्यास जावे लागले. शास्त्रीबुवांनी ग्रंथांमागून ग्रंथ उलगडून आधार दाखविले, आणि स्त्रीला संस्कृत काव्यपुराणे शिकविण्यात दोष नाही हे सभेला पटवून दिले.

या घटनेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, शास्त्रीबुवांनी रूढीविरुद्ध बंडाची भाषा केली नाही. त्यांनी आधार दाखविला. रूढी मोठी की मूळ वचन मोठे, असा तो प्रश्न होता. दुसरी अशी की, त्यांनीही एक मर्यादा पाळली. स्त्रियांना पुराणे खुली केली, वेद मात्र नाही. कन्येला व्याकरण शिकविले, भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत करविले. वेदाचे दार मात्र तिच्यासाठी बंदच राहिले.

उडुपीचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. ही नगरी मध्वाचार्यांची. ‘तत्त्वमसि’ या महावाक्याचा पदच्छेद मध्वाचार्य वेगळा करतात. आधीच्या पदाशी झालेला संधी फोडून ते तेथे एक नकारार्थी ‘अ’ वाचतात, आणि जीव व ब्रह्म एकच असे जेथे अद्वैती पाहतो, तेथे त्यांना दोहोंतील भेद दिसतो. एका अक्षरावर संपूर्ण दर्शन उभे राहते. ख्रिस्ती जगाचा इतिहासही याहून वेगळा नाही. ३२५ साली निकेया येथील धर्मपरिषदेने पुत्र हा पित्याशी ‘होमोउसिओस’, म्हणजे एकतत्त्व आहे, असे ठरविले. पुढील काही दशकांत दुसऱ्या एका पक्षाने ‘होमोइउसिओस’, म्हणजे सदृशतत्त्व, हा शब्द पुढे केला. दोहोंत अंतर केवळ ‘इओटा’ या एका ग्रीक अक्षराचे; पण त्या अक्षरापायी बिशप पदच्युत झाले आणि परिषदांमागून परिषदा भरल्या. बाहेरच्या माणसाला हा शब्दच्छल वाटतो. डोंगरे शास्त्र्यांच्या घरी वाढलेल्या मुलीला तो तसा वाटणे शक्य नव्हते. अक्षरात अर्थ असतो आणि अर्थात माणसाचे भवितव्य असते, हे तिला बाळकडूतच मिळाले होते.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. उरलेली भावंडे पायी भारत तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेथेच केशवचंद्र सेन यांनी त्यांना विचारले, वेद वाचले आहेत काय? स्त्रियांना तो अधिकार नाही, असे त्यांनी उत्तर दिले. केशवचंद्रांनी त्यांच्या हाती वेदाचा ग्रंथ ठेवला. वडिलांनी जी मर्यादा पाळली होती ती अशा रीतीने कन्येने ओलांडली. याच सुमारास धर्मशास्त्राचे वाचन करताना त्यांना आढळले की, शास्त्रकारांचे बहुतेक बाबतींत एकमेकांशी पटत नाही. स्त्री हीन आहे व तिला स्वतंत्र मोक्षाधिकार नाही एवढ्या एका गोष्टीवर मात्र त्यांचे एकमत आहे. हा आघात त्यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तपर लेखनात नमूद केला आहे.

बंधू श्रीनिवास १८८० साली वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ साली वैधव्य आले. पुण्यास आर्य महिला समाजाची स्थापना करून रमाबाई वैद्यक शिकण्याच्या हेतूने इंग्लंडास गेल्या. परंतु कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो बेत फसला. तेथे बाप्तिस्मा घेण्याआधी नीळकंठशास्त्री गोरे, अर्थात फादर नेहेम्या गोरे, यांच्या लेखनाचा त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला होता. काशीच्या परंपरेत तयार झालेले हे शास्त्री १८४८ साली ख्रिस्ती झाले होते. गोऱ्यांचा कल चर्चच्या परंपरागत अधिकाराकडे होता. रमाबाईंनी त्यांच्याकडून युक्तिवाद घेतला. शरणागती घेतली नाही.

वाद लवकरच उभा राहिला. मठातील सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. १८८४ पासून रमाबाई चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात शिकत व संस्कृत शिकवीतही असत. तेथील मुख्याध्यापिका डॉरोथिया बील यांच्याशीही त्यांचा पत्रव्यवहार चाले. हा सारा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवला, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो १९७७ साली प्रसिद्ध केला. त्यातून तीन प्रश्न ठळकपणे पुढे येतात.

पहिला प्रश्न त्रैक्याचा. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे समान, सनातन आणि तरीही एकच देव, हा सिद्धांत रमाबाईंच्या गळी उतरेना. एकेश्वर त्यांना मान्य होता, ख्रिस्त हा त्याने पाठविलेला तारणारा हेही मान्य होते. पण अथनेशियसच्या नावाने चालणारा जो मतांगीकार इंग्लंडच्या चर्चमध्ये ठराविक सणांना म्हटला जाई, तो बायबलात कोठे आहे, असे त्या विचारू लागल्या. प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तो मतांगीकार अथनेशियसचा नव्हे, तर त्याच्यानंतर बऱ्याच काळाने लॅटिन भाषेत रचला गेला, हे विद्वानांना तेव्हाही ठाऊक होते. जो हा सिद्धांत मानणार नाही त्याचा नाश होईल, अशी त्यातील वाक्ये म्हणावीत की नाही यावरून १८७० नंतरच्या वर्षांत खुद्द इंग्लंडच्या चर्चमध्ये मोठे वादळ झाले होते. शिवाय योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील स्वर्गीय त्रयीचे जे वचन शतकानुशतके आधार म्हणून दाखविले जाई, ते जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही म्हणून १८८१ च्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारातून वगळण्यात आले होते. म्हणजे रमाबाई इंग्लंडात उतरण्यापूर्वी दोनच वर्षे! अर्थात परंपरेच्या बाजूनेही उत्तर होते. त्रैक्य हे एका वचनावर अवलंबून नाही. बाप्तिस्म्याचा आदेश, योहानाचे शुभवर्तमान आणि आरंभीच्या मंडळीची उपासना यांचा मिळून तो निष्कर्ष आहे, असे ते उत्तर. पण निष्कर्ष आणि मूळ वचन यांत फरक असतो, आणि रमाबाईंचे बोट त्याच फरकावर होते.

दुसरा प्रश्न कुमारीच्या पोटी झालेल्या जन्माचा. येथेही गाठ एका शब्दाची आहे. यशयाच्या सातव्या अध्यायात हिब्रू शब्द आहे ‘अल्मा’, म्हणजे तरुण स्त्री. ख्रिस्तपूर्व काळात यहुदी विद्वानांनी जे ग्रीक भाषांतर केले त्यात त्याच्या जागी ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, हा शब्द आला. आणि मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात तो ग्रीक शब्दच उद्धृत केला. भाषांतरकाराने निवडलेला एक शब्द श्रद्धेच्या गाभ्यात कसा जाऊन बसतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. मूळ भाषा आल्याशिवाय अशा गाठी उकलता येत नाहीत.

तिसरा प्रश्न या दोहोंच्या मुळाशी होता. अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा? सिस्टर जेराल्डिन म्हणत, चर्चचा. नवशिक्याने आधी नम्रपणे स्वीकारावे, समज मागाहून येईल. रमाबाईंचे उत्तर असे की, देवाने मला विवेक आणि बुद्धी दिलेली आहे. एखादी शिकवण ख्रिस्ताच्या शिकवणीला धरून आहे अशी माझी खात्री पटेतोवर मी तिला मान डोलावणार नाही. भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकतीच मोठ्या कष्टाने सुटले आहे. तसलेच दुसरे जोखड आपण होऊन मानेवर घेणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले.

सिस्टर जेराल्डिन यांच्यावर अन्याय होऊ नये. त्यांना या पत्रांत अहंकार दिसला. रमाबाईंच्या शाकाहाराच्या आग्रहातही त्यांना जातीचा अभिमान दिसला. परंतु आपण जिला धर्मात आणले तिचा आत्मा धोक्यात आहे, ही त्यांची काळजी खरी होती. ज्या पत्रांत आपली बाजू लंगडी पडते ती पत्रेही त्यांनी जपून ठेवली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. इकडे महाराष्ट्रातही धर्मांतरावरून टीकेचा भडिमार चालूच होता. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू उचलून धरली.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या. १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. १८९१ च्या सुमारास त्यांच्या मनाने निराळे वळण घेतले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांना वाटू लागले, आणि तर्काच्या जागी भक्ती आली. १८९३ साली सदनातील धार्मिक वातावरणावरून रानडे, भांडारकर आदी सल्लागार मंडळींनी संबंध तोडला. कोणी म्हणेल, येथे प्रश्न विचारणारी रमाबाई संपली. मला तसे वाटत नाही. त्रैक्याविषयीची शंका मावळली असेल. परंतु ‘मूळ वचन दाखवा’ ही मागणी मावळली नाही. तिने केवळ रूप पालटले. आजवर त्या स्वतःसाठी मूळ मागत होत्या. आता ते दुसऱ्यांच्या हाती देण्याची जबाबदारी त्यांनी पत्करली.

त्याला कारण घडले केडगाव. १८९६-९७ च्या व पुढे १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली व विधवा मुक्तिसदनात आणल्या. त्यांना बायबल शिकवावयाचे, तर प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर. या मुलींच्या डोक्यावरून जाणारे. मराठी बायबलाचा प्रवास तोवर बराच झाला होता. सेरामपूरला विल्यम कॅरी यांचा नवा करार १८११ साली निघाला होता, आणि संपूर्ण बायबल १८४७ साली मुंबईत प्रसिद्ध झाले होते. त्याही आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध केले होते, आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द खुशाल वापरला होता.

भाषांतराची खरी अडचण येथेच आहे. शब्द उसने घेता येतात, पण त्यांच्यामागची घरेदारे बरोबर येतात. ‘आत्मा’ म्हटले की मराठी मनात वेदान्त जागा होतो. ‘अवतार’ म्हटले की एकामागून एक दहा उभे राहतात. ख्रिस्ती श्रद्धेत तर देहधारण एकदाच. ‘प्रायश्चित्त’ आपल्याकडे पाप करणाऱ्याने घ्यावयाचे. ख्रिस्ती सिद्धांतात ते दुसऱ्याने घेतलेले असते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीच्या ‘लोगोस’ला मराठीत ‘शब्द’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याच्या कानात शब्दब्रह्म घुमू लागते. हे प्रतिध्वनी घ्यावेत की टाळावेत? स्टीफन्स यांनी ते घेतले, कारण त्यांना नव्या भक्तांच्या परिचयातून वाट काढावयाची होती. रमाबाईंनी ते शक्यतो टाळावयाचे ठरविले, आणि साध्या मराठीची कास धरली.

येथे मला क्रुसावरील अक्षरे पुन्हा आठवतात. इंग्लंडात ज्यांनी लॅटिनऐवजी संस्कृतचा हट्ट धरला, त्यांनीच केडगावात संस्कृतप्रचुर भाषा दूर सारली. ही विसंगती दिसते खरी. पण त्या पत्रातील कारण आठवावे : लॅटिन माझ्या देशभगिनींना समजत नाही. त्या देशभगिनींपैकी कितीजणींना संस्कृत समजत होते? वाँटिजमध्ये हा प्रश्न कोणी विचारला नाही. केडगावच्या दुष्काळपीडित मुलींनी, एक शब्दही न उच्चारता, तो विचारला. आणि रमाबाईंनी आपल्याच मताला आपलीच कसोटी लावली. परदेशात संस्कृत हे स्वदेशाचे चिन्ह होते. स्वदेशात तेच अनेकींच्या दृष्टीने बंद दार होते. ज्या भाषेवर त्यांची सारी कीर्ती उभी होती ती त्यांनी बाजूला ठेवली. याला मी त्यांचा सर्वांत मोठा त्याग समजतो.

वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि सतरा-अठरा वर्षे त्यांनी भाषांतराला वाहिली. मुक्तिसदनातच छापखाना होता. त्यात खिळे जुळविणाऱ्या, छपाई व बांधणी करणाऱ्या त्या आश्रमातील स्त्रियाच होत्या. १९२१ साली कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली होती व ती फळास आली, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितलेली आढळते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

हे भाषांतर चर्चमध्ये रुजले नाही. मुळाशी इमान राखण्याच्या आग्रहामुळे त्याची वाक्ये जागोजाग अवघडतात, आणि साधेपणाचा हेतू सर्वत्र साधत नाही, हे मान्य केले पाहिजे. मूळ वचनाशी निष्ठा व वाचकाची सोय या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करणे किती कठीण, हे प्रत्येक भाषांतरकार जाणतो. तथापि, प्रश्न विचारणे हा एक धर्म, आणि उत्तराचे साहित्य दुसऱ्याच्या हाती देणे हा त्याहून मोठा धर्म, ही शिकवण त्या जाडजूड ग्रंथाने मागे ठेवली आहे. जो केवळ शंका घेतो तो स्वतः मोकळा होतो. जो मूळ ग्रंथ दुसऱ्याला वाचता येईल असा करतो, तो आपल्यावरही शंका घेण्याचा अधिकार त्याला देऊन जातो.

आमच्या बंगळुरात बायबल सोसायटीचे मध्यवर्ती कार्यालय आहे. १९१० साली स्थापन झालेले युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजही आहे. तेथे आता मुलीही धर्मशास्त्राचा पदवी-अभ्यास करतात. ते पाहिले की मला बेळगावकडच्या माझ्या आजीची आठवण येते. घरात गुरुचरित्राचे पारायण चाले तेव्हा ती उंबऱ्याशी बसून ऐके. स्त्रियांनी ती पोथी वाचू नये, असा दंडक होता. तिला वाचता येत होते. पोथी हाताच्या अंतरावर होती. एकदा मी लहानपणी तिला विचारले, ‘आजी, तू वाचू नयेस असे पोथीत कुठे लिहिले आहे?’ ती हसली आणि म्हणाली, ‘ते पाहायला पोथी उघडावी लागेल ना, बाळा?’

उडुपीच्या सभेपासून केडगावच्या छापखान्यापर्यंतची सगळी वाट या एका वाक्यात सामावली आहे, हे समजावयास मला पुढे बरीच वर्षे लागली.